पाय जड पडतात तेव्हा

दिवाळीचे दिवस म्हणजे वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या मळणीचे आणि तुरीच्या राखणीचे दिवस. मानोऱ्यापासून रिसोडपर्यंत कुठल्याही शिवारात रात्री बॅटरीचे झोत फिरताना दिसतात. रानडुकरं आणि रोही यांच्यापासून पीक वाचवायला माणसं जागलीला जातात, मचाणावर बसतात, आणि पहाटे डोळा लागला की एखादा तिथून खाली कोसळतो. कोणाचा ट्रॅक्टर बांधावर उलटतो. कोणी बकऱ्यांसाठी पाला तोडायला निंबावर चढतो आणि फांदीसकट खाली येतो. कोणी कठडा नसलेल्या विहिरीत पडतो, कोणाच्या मोटारसायकलला अंधारात रोही आडवा येतो. बहुतेक जण माती झटकून उठतात. काहींना उठता येत नाही. त्यांच्या पायाचं एकही हाड मोडलेलं नसतं, पायांत रक्त फिरत असतं, पण चिमटा काढला तर कळत नाही आणि सांगितलं तर अंगठा हलत नाही.

डॉक्टर याला पॅराप्लेजिया म्हणतात, मराठीत अधरांगघात. गावात मात्र ‘कमरेखालचं वारं गेलं’ एवढंच म्हणतात, आणि तेवढं म्हणून झालं की बहुतेक घरांत पुढचा विचार थांबतो. माणूस बाजेवर पडतो आणि बाजेवरच राहतो. हा लेख त्या थांबलेल्या विचारासाठी आहे. पाय जाण्यामागे एकच कारण नसतं. त्यातली काही कारणं वेळेत ओळखली तर पाय परत येतात. आणि ज्यांचे येत नाहीत, त्यांचा जीव बहुधा कण्याच्या दुखापतीने जात नाही. तो जातो पाठीवर पडलेल्या जखमांनी आणि तुंबलेल्या लघवीने, म्हणजे घरच्या घरी टाळता येण्यासारख्या गोष्टींनी.

आधी शरीर समजून घेऊ. कण्यात तेहेतीस मणके असतात. त्यांच्यामधल्या पोकळीतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो. मोठ्या माणसात तो सुमारे ४५ सेंटीमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो, आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखाली फक्त मज्जातंतूंचा झुबका. रज्जूतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात आणि प्रत्येक जोडीचा अंगावरचा प्रदेश ठरलेला असतो. स्तनाग्रांच्या रेषेतली कातडी छातीच्या चौथ्या जोडीची, बेंबीच्या रेषेतली दहाव्या जोडीची. म्हणून जाणकार डॉक्टर हातात टाचणी आणि कापसाचा बोळा घेऊन पायापासून वर सरकत जातो. ‘इथपर्यंत कळत नाही, इथून कळतं’ असं रुग्ण ज्या रेषेवर म्हणतो, तिच्यावरून दुखापतीची पातळी एमआरआयच्या आधीच बरीचशी कळते. दुखापत छातीच्या किंवा कमरेच्या भागात असेल तर पाय जातात. मानेत असेल तर हातही जातात. मानेच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या जोड्यांवर श्वासाचा पडदा चालतो, त्यामुळे त्याच्याही वर मार बसला तर श्वासच थांबतो.

पहिल्या काही दिवसांत पाय लुळे, मऊ असतात. काही आठवड्यांनी ते कडक होऊ लागतात, पांघरूण ओढताना एकदम झटका देतात. घरात आनंद होतो: ‘पाय हलला!’ हा क्षण फार कठीण असतो. कारण बहुतेक वेळा तो झटका मेंदूच्या हुकमाने आलेला नसतो. दुखापतीखालचा रज्जू जिवंत असतो, त्याच्यावरचा मेंदूचा ताबा सुटलेला असतो, आणि तो आपल्या आपण प्रतिक्षिप्त क्रिया करत राहतो. खरी खूण वेगळी आहे. सांगितल्यावर अंगठा हलतो का, आणि गुदद्वाराभोवती स्पर्श कळतो का, हे पाहायचं. ही तपासणी संकोचामुळे टाळली जाते, पण तिथे स्पर्श शिल्लक असेल तर रज्जू पूर्ण तुटलेला नाही, आणि सुधारणेची आशा कितीतरी अधिक. नातेवाइकांनी डॉक्टरांना हा प्रश्न सरळ विचारावा.

अपघातातला पहिला तास आपल्या हातात असतो आणि तोच आपण सर्वांत जास्त बिघडवतो. माणूस पडला की चौघे धावतात, दोघे बगलेत हात घालतात, दोघे पाय धरतात, मधली पाठ लोंबकळते. किंवा दोघांच्या मधे बसवून मोटारसायकलवरून थेट तालुक्याला नेतात. मोडलेला मणका त्या प्रवासात सरकतो आणि जेवढा रज्जू वाचला होता तोही चिरडला जातो. मदतीची घाई माणुसकीचीच असते, म्हणूनच हे गावोगाव शिकवायला हवं: मान आणि पाठ एका रेषेत ठेवायची, चार-पाच जणांनी मिळून अंग ओंडक्यासारखं एकदम कुशीवर वळवायचं, खाली दाराची फळी सरकवायची, मानेच्या दोन्ही बाजूंना कपड्याच्या गुंडाळ्या लावायच्या, आणि १०८ ला फोन करायचा. १०८ ची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. ती यायला वेळ लागला तरी सपाट झोपलेल्या माणसाला थांबणं घाईच्या प्रवासापेक्षा कमी घातक आहे. अर्थात श्वास अडत असेल किंवा रक्त वाहत असेल तर आधी ते. मोठ्या रुग्णालयासाठी अकोल्याला जायचं तर ते वाशिमहून सुमारे ऐंशी किलोमीटर. मणक्याची शस्त्रक्रिया करायची झाली तर ती पहिल्या चोवीस तासांत झालेली बरी, असं आज जगभर मानलं जातं. मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावरून निघालेल्या माणसाच्या हिशेबात हे चोवीस तास फार भराभर संपतात.

पण सगळेच पाय पडून जात नाहीत. काही हळूहळू जातात, आणि माझ्या मते आपली खरी चूक तिथे होते.

मणक्याचा क्षय घ्या. टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो. पण क्षयाचे जंतू रक्तातून मणक्यात जाऊन बसतात, दोन मणक्यांमधली चकती आणि हाड पोखरतात, आणि तिथे साचलेला पू रज्जूवर दाब देतो. लंडनचा शल्यविशारद पर्सिव्हल पॉट याने १७७९ मध्ये पाठीला आलेलं कुबड आणि पायांचं जाणं यांचा संबंध लिहून ठेवला. तेव्हा क्षयाचा जंतू कोणाला माहीत नव्हता, तो रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये दाखवला. हाडांच्या क्षयात जवळजवळ निम्मे रुग्ण मणक्याचे असतात. सुरुवात साध्या पाठदुखीने होते. शेतकऱ्याची पाठ दुखतेच, बाईमाणसाची तर दुखतेच दुखते, म्हणून तेल लावलं जातं, गोळी घेतली जाते. पण ही पाठदुखी रात्री वाढते, आराम केला तरी जात नाही, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतं. मग पाय जड पडू लागतात, चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. मग लघवी अडते. या सगळ्यात महिने जातात, आणि त्या महिन्यांत रुग्ण दवाखाने पालथे घालत असतो, फक्त पाठीचा एमआरआय कोणी करत नाही.

याच आजाराबद्दल सर्वांत आशेची गोष्ट भारतातच घडली. पूर्वी मणक्याचा क्षय म्हणजे एकतर वर्षानुवर्षं प्लास्टरच्या साच्यात झोपणं, नाहीतर सरसकट मोठी शस्त्रक्रिया. वाराणसीचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये मधला मार्ग मांडला: सगळ्यांना क्षयाची औषधं आणि विश्रांती, आणि शस्त्रक्रिया फक्त ज्यांना औषधांनी पुरेसा फरक पडत नाही त्यांच्यासाठी. पाय गेलेले कित्येक रुग्ण या पद्धतीने औषधांवरच पुन्हा चालू लागले. गोरगरिबांच्या देशाला परवडेल अशी ही पद्धत जगाने उचलली. औषधं आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेत रुग्णाला दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली. मणक्याच्या क्षयाला औषध साधारण वर्ष ते दीड वर्ष घ्यावं लागतं. पाय सुधारले की गोळ्या सोडून देणं हा त्यातला सर्वांत मोठा धोका.

दुसरं हळू येणारं कारण पाण्यात असतं. वाशिमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, आणि पुढे चंद्रपुरात, नांदेडच्या किनवट भागात, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरमागे दीड मिलिग्रॅम आहे. त्याहून बरंच जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी मुलांचे दात पिवळे-तपकिरी पट्ट्यांचे होतात, मग मोठ्यांचे सांधे आखडतात, अस्थिबंध हाडासारखे कडक होतात आणि कणा वेळूसारखा ताठ होतो. माणसाला मान वळवून मागे पाहता येत नाही, अख्खं अंग वळवावं लागतं. शेवटी मणक्यातली पोकळीच अरुंद होते आणि रज्जू दाबला जातो. भारतात याची पहिली ठळक नोंद १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातून झाली. बोअर जसजशा खोल जातात तसतसं नव्या गावांतल्या पाण्यातही फ्लोराइड आहे का, हे पाहायला हवं. एखाद्या गावात शाळकरी मुलांच्या दातांवर पट्टे दिसले तर ग्रामपंचायतीने त्याच आठवड्यात पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. कडक झालेलं हाड पुन्हा मऊ होत नाही, पण पुढच्या पिढीचं पाणी बदलता येतं.

विदर्भाच्या पूर्वेकडे आणखी एक जुनी जखम आहे: लाखोळी. भाताच्या उभ्या पिकात टाकून दिली तरी उगवणारी, पाण्याशिवाय तगणारी ही डाळ. दुष्काळात सगळं जळून जायचं आणि लाखोळी उरायची, म्हणून गरिबाच्या ताटात महिनोन्‌महिने तीच यायची. तिच्यातल्या एका विषारी आम्लाने रज्जूतले पायांकडे जाणारे मार्ग मारले जातात. १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ते आम्ल वेगळं करून दाखवलं. या आजारात संवेदना शाबूत, बुद्धी शाबूत, लघवीवरही बहुधा ताबा, पण पाय ताठ. माणूस चवड्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत चालतो, मग एक काठी, मग दोन, मग रांगणं. तोही बहुतेक ऐन तरुण, कष्ट करणारा पुरुष. १९६१ मध्ये केंद्राने या डाळीच्या विक्रीवर बंदी आणली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी शेतकऱ्यावर अन्याय करणारी आहे म्हणून दीर्घ लढा दिला. मिश्र आहारात थोडी लाखोळी खाल्ल्याने पाय जात नाहीत, हे त्यांच्या बाजूचं म्हणणं खरं आहे. पण पाय गेले ते डाळीमुळे आणि उपासमारीमुळे, दोन्हींमुळे, हे विसरून चालणार नाही. दुसरं काही खायला असतं तर कोणीही रोज तीनदा लाखोळी खाल्ली नसती.

कारणं इथे संपत नाहीत. मानेतली झीज वाढली की आधी हाताची बोटं अडाणी होतात, शर्टाचं बटण लागत नाही, आणि मग पाय कडक होतात. रज्जूला सूज येण्याचा एक आजार काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत तरण्या माणसाला आडवा करतो. गाठी असतात, कर्करोग मणक्यात उतरतो. आणि एक कारण इतकं साधं की ते सुटलं याची चीड यावी: ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. हे जीवनसत्त्व प्राणिजन्य अन्नातूनच मिळतं. कारंजा-शिरपूरच्या जैन घरांत, माळकऱ्यांच्या घरांत, आणि गरिबीमुळे दूधही न पिणाऱ्या कितीतरी घरांत ते कमी पडतं. पायांना मुंग्या येतात, अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, चाल बिघडते. रक्ताची एक तपासणी आणि काही इंजेक्शनं, एवढ्यावर हा आजार थांबतो. उशीर झाला तर मात्र जे गेलं ते सगळं परत येत नाही. मांसाहार करा असं मी कोणाला सांगत नाही. व्रत पाळणाऱ्याने गोळी घ्यावी, तिने व्रत मोडत नाही.

कंबरदुखीतलीही एक खूण लक्षात ठेवावी. कमरेत कळ, पायात कळ, आणि त्यासोबत मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, लघवी न होणं किंवा नकळत होणं. खालच्या मज्जातंतूंच्या झुबक्यावर चकतीचा दाब आल्याची ही खूण आहे. यात दिवसांचा नाही, तासांचा हिशेब असतो. अशा वेळी मालिश किंवा कंबर ‘बसवून’ घेणं म्हणजे माणसाला कायमचं अपंग करणं.

आता ज्यांचे पाय परत येत नाहीत त्यांच्याकडे येऊ. १९४० च्या आधी जगात कुठेही कण्याची दुखापत झालेला माणूस फार काळ जगत नसे. जर्मनीतून परागंदा होऊन इंग्लंडला गेलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल इथे जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला, तेव्हा त्यांनी नवीन औषध आणलं नव्हतं. त्यांनी रुग्णांना दिवसरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावलं, लघवीची स्वच्छता कडक केली, आणि मग त्यांच्या हातात धनुष्यबाण दिले. १९४८ मध्ये तिथे झालेल्या तिरंदाजीच्या स्पर्धेतून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं.

दर दोन तासांनी कूस बदलणं, एवढंच. ज्याला स्पर्श कळत नाही त्याला टोचत नाही, म्हणून तो हलत नाही, म्हणून माकडहाड, टाचा, खुबे यांच्यावरची कातडी मरते. आधी फक्त लाल डाग दिसतो, दाबला तरी पांढरा न होणारा. तो दिसला त्याच दिवशी त्या जागेवरचा भार काढला तर भरून येतो. दुर्लक्ष केलं तर हाडापर्यंत भोक पडतं. घरात कोणी असं पडून असेल तर रोज सकाळी आरसा धरून पाठ पाहायची, हे काम सोपं आहे आणि औषधापेक्षा मोठं आहे. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायचं. गरम पाण्याची पिशवी, चुलीजवळ बसणं, तापलेली फरशी, यांनी भाजलं तरी कळत नाही, हेही घरच्यांनी ध्यानात ठेवायचं.

लघवीचं तसंच. कायमची नळी ठेवली की संसर्ग येतो आणि तो मूत्रपिंडात चढतो. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या जॅक लॅपिडीस या मूत्ररोगतज्ज्ञाने दाखवलं की दर चार-सहा तासांनी स्वच्छ हाताने स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करणं जास्त सुरक्षित आहे. रुग्णालयातली निर्जंतुक व्यवस्था त्यासाठी लागत नाही, साबणाने धुतलेले हात पुरतात. ही गोष्ट शिकवायला अर्धा दिवस लागतो. ती न शिकवता रुग्णाला घरी पाठवणं मला गुन्हाच वाटतो. दुखापत छातीच्या सहाव्या पातळीच्या वर असेल तर मूत्राशय तुंबल्याने किंवा शौच अडल्याने रक्तदाब एकदम भडकतो, डोकं फुटायला येतं, चेहऱ्यावर घाम फुटतो. त्याला लगेच उठवून बसवायचं आणि मूत्राशय मोकळं करायचं.

आणि आपला वऱ्हाडातला उन्हाळा. दुखापतीच्या रेषेखाली घाम नीट येत नाही. पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा असा माणूस टिनाच्या छपराखाली अक्षरशः तापत जातो. ओलं कापड, कूलर, पाणी, एवढं त्याला एप्रिल-मेमध्ये हवंच हवं.

अशा जगण्यात काय उरतं, असं विचारणाऱ्यांना महाराष्ट्राकडे उत्तर आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले, कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नसीमा हुरजूक ऐन तारुण्यात कमरेखाली अधू झाल्या, पडून राहिल्या. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेले बाबूकाका दिवाण त्यांना भेटले आणि त्या उठल्या. १९८४ मध्ये कोल्हापूरला त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ सुरू केलं आणि शेकडो मुलामुलींना शिक्षण आणि काम दिलं. वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस १९५४ मध्ये अपघातात अधू झाल्यावर खुर्चीत बसूनच कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करत राहिल्या. पुण्याच्या खडकीला सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे, मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. या सगळ्यांना कोणी ना कोणी शिकवणारं भेटलं, हे त्यांच्या धैर्याइतकंच महत्त्वाचं आहे.

वाशिमचा माणूस मात्र खडकी आणि हाजी अलीपासून फार लांब आहे. सुमारे १२ लाख वस्तीचा, १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. मदत कागदावर आहे. शेतकरी अपघातात दोन अवयव निकामी झाल्यास गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाख रुपये मिळतात. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं मासिक अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के अपंगत्वापासून पुढे हक्क दिले आहेत. पण या प्रत्येकासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि ज्याला उठता येत नाही त्यालाच गाडी करून जिल्ह्याला जावं लागतं.

वाशिमला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात ज्या दहा नव्या महाविद्यालयांचं उद्‌घाटन झालं त्यात ते होतं. तिथे मणक्याच्या रुग्णांसाठी पहिल्या वर्षांतच दहा खाटांचा पुनर्वसन कक्ष सुरू व्हावा: एक फिजिओथेरपिस्ट, कुशीवर वळवणाऱ्या आणि नळी शिकवणाऱ्या दोन परिचारिका, आणि खुर्चीवरचाच एखादा माणूस, जो नव्या रुग्णाला सांगेल की पुढे कसं जगायचं. महागडं यंत्र लागत नाही. महिन्यातून एकदा प्रमाणपत्राचं पथक तालुक्याला, आणि अंथरुणावरच्या रुग्णाच्या घरी जावं. लोकप्रतिनिधींनी ही मागणी जिल्हा नियोजन समितीत मांडावी, आणि ज्यांच्या गावात असा माणूस बाजेवर पडून आहे त्यांनी ती मांडायला लावावी.